उलट्या बटणांचा शर्ट

मी आणि माझा भाऊ जुळे. तो माझ्या आधी जन्मला, म्हणून घरात मोठा तो. तिसगावच्या वरच्या अंगाला डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. तिथल्या झेडपीच्या शाळेत आम्ही दोघं सहावीत एकाच वर्गात होतो.

गणवेश आले त्या दिवशी मोठ्या गुरुजींनी सगळ्या शाळेला व्हरांड्यात बसवलं. प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा ढीग टेबलावर होता. नवीन कापडाला येतो तो कांजीचा उग्र वास आमच्यापर्यंत येत होता. गुरुजी नाव घ्यायचे, पोरगं उठायचं, पिशवी छातीशी धरून जागेवर येऊन बसायचं. माझं नाव आलं. दोन शर्ट, दोन स्कर्ट. आकाशी शर्ट आणि गडद निळा चुण्यांचा स्कर्ट. माझ्यामागोमाग भाऊही उठला. त्याला वाटलं, बहिणीचं झालं की आपलंच.

"तू बस," गुरुजी म्हणाले. "तुझं न्हाई."

"गुरुजी, मी तिचा भाऊ हाय."

"म्हाईत हाय रे मला. बस खाली."

तेव्हाचा नियम असा होता की सरकारी शाळेतल्या सगळ्या मुलींना गणवेश फुकट मिळायचा. मुलांमध्ये मात्र तो काही जातींच्या मुलांना आणि पिवळं रेशनकार्ड असलेल्या घरातल्या मुलांनाच. आमचं कार्ड पिवळं नव्हतं. गावात गरिबांची पाहणी झाली तेव्हा आमचं घर कुलूपबंद होतं. आई आणि वडील, म्हणजे आमचे आण्णा, राहुरीकडं ऊसतोडीला गेले होते आणि आम्ही दोघं त्यांच्याबरोबर कोपीवर होतो. पाचटाच्या त्या खोपटाला कोपी म्हणतात. दाराचं कुलूप बघून पाहणीची माणसं पुढं गेली. आम्ही परत येईपर्यंत गावात कोण गरीब, हे ठरून गेलं होतं.

पुढचं नाव पंचायतीतल्या मेंबरच्या पोराचं होतं. त्यांची बोअर होती, स्लॅबचं घर होतं, आणि कार्ड पिवळं होतं. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पोरगं पिशवी घेऊन आलं आणि माझ्या भावाकडं बघून हसलं. फार नाही, जरासंच. भाऊ अजून उभाच होता.

घरी आल्यावर आईनं माझी पिशवी उलगडली, कापड बोटांत धरून चोळून बघितलं. भाऊ दारात पाठमोरा बसला होता. त्याची जुनी पँट मागून दोन ठिकाणी ठिगळलेली होती आणि ठिगळंही विरली होती. आईनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा कापडाकडं. मग तिनं ब्लेड घेतलं आणि माझ्या दुसऱ्या स्कर्टची शिवण उसवायला घेतली.

मी रडले. आई म्हणाली, "एक हाय की तुला. त्यो काय उगडा जाईल?"

तिला मशीन येत नव्हती. हातशिलाईनं, दोन दिवस उंबऱ्यावर बसून तिनं त्या स्कर्टची पँट केली. चुण्यांच्या जागी इस्त्रीच्या रेघा कापडात बसलेल्या होत्या. धुऊनसुद्धा त्या जाईनात. माझा दुसरा शर्ट तिनं जसाच्या तसा त्याला दिला.

"मला न्हाई घालायचा," भाऊ म्हणाला. "पोरीचा हाय."

"पोरीचा आन् पोराचा! एका पोटातनं आलाव तुमी दोघं. घाल मुकाट."

त्यानं घातला. मुलींच्या शर्टाची बटणं उलट्या बाजूला असतात. आईच्या हे ध्यानातही आलं नाही. तिनं आयुष्यात कधी शर्ट घातला होता तो एक ऊस तोडतानाच, आण्णांचा, साडीवरून. पण शाळेतल्या पोरांच्या ते पहिल्याच तासाला ध्यानात आलं.

मेंबरच्या पोरानं त्याचं नाव 'ताई' ठेवलं. "ताई, सरका की जरा." "ताई, येनी न्हाई घातली आज?" पोरं हसायची. भाऊ ऐकून घ्यायचा. घरी आल्यावर शर्ट काढून खुंटीला टांगायचा आणि मागं न बघता डोंगराकडं निघून जायचा. मी आईला सांगितलं नाही; त्यानं मला तशी शपथ घातली होती. बाई, म्हणजे आमच्या वर्गशिक्षिका, एकदा त्या पोरावर ओरडल्या. दोन दिवस बरं गेलं. मग पुन्हा तेच.

आणि एक दिवस खिचडी खाऊन आम्ही हापशावर ताटल्या धुवायला गेलो होतो. भाऊ हापसा मारत होता. मेंबरच्या पोरानं मागून येऊन त्याच्या शर्टाची कॉलर धरली आणि ओढली. "बटनं उलटी कशी लावती गं ताई, दाखव की." दोन बटणं तुटून चिखलात पडली. भाऊ वळला. त्याच्या हातात स्टीलची ताटली होती. ती त्यानं आडवी फिरवली, तिची कड त्या पोराच्या भुवईवर बसली.

रक्त एवढं येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या पोराचा नवा आकाशी शर्ट पोटापर्यंत लाल झाला. ते खाली बसलं, तरी भाऊ थांबेना. त्यानं पुन्हा मारली, मग पुन्हा. तोंडातून शब्द नव्हता, नुसता श्वास. मी त्याचे केस धरून मागं ओढलं तेव्हा त्याचं कोपर माझ्या ओठावर लागलं आणि माझंही तोंड फुटलं. बाईंनी त्या पोराला उचलून नेलं. मोठ्या गुरुजींनी फळ्यावर रेघा मारायची लाकडी पट्टी घेतली आणि ती मोडेपर्यंत भावाला मारलं. मोडल्यावर उरलेल्या तुकड्यानं मारलं.

आम्ही घरी आलो. आमच्या आधी बातमी आली होती. त्या दिवशी आण्णांना काम नव्हतं. ते अंगणात उभे होते, चप्पल हातात घेऊन. "मेंबरच्या पोराला? आरं, मेंबरच्या?" एवढंच म्हणत ते मारत राहिले. आमच्या घरात आण्णांचा हात उठणं काही नवीन नव्हतं. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम उसाच्या फडात त्यांना शिव्या द्यायचा, एकदा त्यानं सगळ्या टोळीसमोर त्यांच्या कानाखाली वाजवली होती, आणि त्या रात्री आईला मार बसला होता. मार असा वरून खाली उतरत यायचा. आमच्यापर्यंत आला की खाली कुणी नसायचं.

अजून आण्णांचं मारणं चालूच होतं तेवढ्यात मोटारसायकल आली. मेंबर आणि त्याचा धाकटा भाऊ. मेंबरच्या हातात पिठाच्या गिरणीचा जुना काळा पट्टा होता, दुहेरी करून धरलेला.

आण्णा चप्पल टाकून पुढं झाले. "मी मारलाय त्याला, मेंबर. लई मारलाय. बगा, पाठ बगा त्याची."

"तुझ्या मारानं माझ्या पोराची भुवई भरून येनार हाय व्हय?"

"चूक झाली. पाया पडतो."

मेंबरचं लक्ष भावाच्या अंगावरल्या शर्टाकडं गेलं. मग खाली पँटीकडं, तिच्यातल्या रेघांकडं. त्याला ते काय आहे हे कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तो हसला.

"ह्ये सरकारी कापड हाय. पोरींचं. तुमचं नाव न्हाई, आन् चोरून घालता?"

"चोरलं न्हाई वो, बहिनीचं—" भाऊ सांगू लागला.

"गप! चल, गावाला दावू चोर."

धाकट्यानं भावाला मागून उचललं आणि पाराकडं चालू लागला. मारुतीच्या देवळापुढचा पार आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आण्णा हात जोडून मागं मागं चालत होते. मी कोपऱ्यापर्यंत गेले. पारावर त्यांनी भावाला उभा केला, शर्ट ओढून फाडून काढला, पँट उतरवली. आत त्याची जुनी फाटकी चड्डी तेवढी राहिली. पारावर पाच-सहा माणसं बसलेली होती. एकजण पान खात होता. तो सरकून बसला, पट्टा लागू नये म्हणून.

पहिला पट्टा बसला तो आवाज मी ऐकला, आणि मी पळाले.

आई ओढ्यापलीकडं एकाच्या रानात कांदा खुरपत होती. मी बांधावरूनच ओरडले, "आय, पारावर दादाला उगडा केलाय! पट्ट्यानं मारायलेत!"

बाकीच्या बायका उठून उभ्या राहिल्या. आई उठली नाही लगेच. तिनं हातातलं गवत झटकलं, खुरपं तिथंच मातीत खोचलं, मग उठली. मला वाटलं ती पळेल. पळाली नाही. झपाझप चालत राहिली, मी तिच्यामागं धावत. पण ती पाराकडं वळली नाही, घरी गेली. रांजणातून तांब्या भरून पाणी प्यायली, सगळा तांब्या, एका दमात. मग आढ्याला पोत्यात गुंडाळून ठेवलेला कोयता काढला. हंगाम संपला की कोयते तेल लावून असेच ठेवतात. तिनं पोतं सोडलं, नीट घडी करून बाजूला ठेवलं.

मी म्हणाले, "आय, नको." ती माझ्याकडं बघत होती, पण तिला मी दिसत होते असं वाटत नाही.

आम्ही पारावर पोचलो तेव्हा भाऊ गुडघ्यावर होता. धाकट्यानं त्याचे दोन्ही हात मागं धरले होते. पाठीवर काळे-निळे वळ उठले होते, काहींतून रक्त झिरपत होतं. मेंबर विचारत होता, "बोल, कुनाचं कापड?" आणि भाऊ दरवेळी एकच सांगत होता, "बहिनीचं."

"सोड त्याला," आई म्हणाली.

मेंबरनं मान वळवली. कोयता त्यानं बघितला असणारच, पण बाई कोयता घेऊन काय करेल, असं त्याला वाटलं असावं. "ये, ये. तूच शिवलंस न्हव का ह्ये? तुलाबी—" असं म्हणत त्यानं पट्ट्याचा हात वर केला.

ऊस तोडताना माणूस वाकून, बुडाशी, एकाच घावात तोडतो. दुसरा घाव घालावा लागला तर मुकादम शिवी देतो. आईच्या अंगात वर्षानुवर्षं तो एकच घाव मुरलेला होता. तिनं तो घातला. मेंबरचा हात मनगटाच्या वर उघडला. आधी पांढरं दिसलं, मग लाल. पट्टा खाली पडला. मेंबर आपल्या हाताकडं असा बघत होता जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग ओरडला.

आईनं कोयता पुन्हा उचलला.

आणि आण्णा मागून आले. इतका वेळ ते हात जोडून उभे होते. ते धावत आले आणि त्यांनी आईला मागून मिठी मारली, तिचे दोन्ही दंड आवळून धरले. कोयता तिच्या हातातून गळाला. "बास! बास गं!" ते ओरडत होते. तेवढ्यात धाकट्यानं भावाला सोडून, देवळाच्या भिंतीला टेकवलेलं मंडपाचं लाकडी दांडकं उचललं. आई हलू शकत नव्हती. पहिलं दांडकं तिच्या खांद्यावर बसलं, दुसरं दंडावर. हाड मोडल्याचा आवाज हिरवा ऊस मोडतो तसा येतो. आण्णा "नगं, नगं" म्हणत होते, आणि तिला धरून होते. सोडायचं त्यांच्या ध्यानातच येत नव्हतं.

तिसरं बसायच्या आत पान खाणारा माणूस उठला आणि त्यानं धाकट्याला ढकललं. मग सगळेच उठले.

गावात एकच टेम्पो होता, कांदा वाहणारा. त्यातच दोघांना घातलं, आईलाही आणि मेंबरलाही. पाथर्डीच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं होतं. मेंबरच्या हाताला कुणीतरी टॉवेल आवळून बांधला होता, तो भिजून टपटपत होता. त्याची बायको त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. समोर मी, आईचं डोकं माझ्या मांडीवर. भाऊ कोपऱ्यात पोतं पांघरून बसला होता. टेम्पोत कांद्याची टरफलं उडत होती आणि रक्ताला चिकटत होती. दर धक्क्याला आईच्या तोंडातून आवाज निघायचा. तो दाबायला तिनं पदर दातात धरला होता.

अर्ध्या रस्त्यात मेंबरची बायको नवऱ्याला म्हणाली, "पोराला उगडा कशाला केला तुमी?"

"गप बस," मेंबर म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"आपल्या पोराला पडले टाके, मान्य. तुमी चार थोबाडीत मारायच्या. पन उगडा का केला?"

तिनं आपल्या डोक्यावरचा पदर सारखा केला, मग पुढं वाकून आईच्या दातातला पदर सोडवला आणि तिच्या तोंडावरचा घाम पुसला. आईनं मान फिरवली. ती बाई पुन्हा मागं सरकून बसली. दवाखाना येईस्तोवर तिनं पुन्हा आमच्याकडं बघितलं नाही.

आईला प्लॅस्टर घातलं आणि तिच्या खाटेशेजारी एक बाई पोलीस येऊन बसली. तिथून तिला नगरच्या तुरुंगात नेलं. डॉक्टरांनी भावाची पाठ बघितली, लिहून घेतलं, म्हणून मेंबरवर आणि त्याच्या भावावरही केस झाली. गावात दोन तट पडले. आमच्या बाजूचे फार थोडे होते, आणि तेही अंधार पडल्यावरच घरी यायचे.

त्याच दिवसांत मोठे गुरुजी आमच्या घरी आले. त्यांच्या हातात नवी पिशवी होती. मुलाचा शर्ट, मुलाची पँट, योग्य मापाची. स्वतःच्या खिशातून घेतली असणार.

"हातात नव्हतं रे माझ्या काही," ते भावाला म्हणाले. "वरून येतं तेवढंच वाटतो आमी. तू शाळंत ये."

भावानं पिशवी घेतली. दोन्ही हातांनी, अगदी अदबीनं. आत गेला, चुलीपुढं बसला, आणि शर्ट चुलीत घातला. नवीन कापड आधी धुमसलं, मग एकदम पेटलं. त्यावर त्यानं पँट टाकली. घरात काळा धूर झाला. गुरुजी उंबऱ्यात खोकत उभे राहिले. मला त्यांची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला.

आण्णा आत धावले, त्यांचा हात उठला. भावानं तो हवेतच धरला. तो फक्त सहावीतला पोरगा होता, आण्णांनी हिसका दिला असता तर सुटला असता. त्यांनी दिला नाही. भाऊ म्हणाला, "आयला धरलं तवा धरलं. आता मला हात न्हाई लावायचा."

आण्णांनी हात खाली घेतला. त्यानंतर त्यांनी आमच्यापैकी कुणावरही हात उचलला नाही. गावात ते सगळ्यांना सांगायचे, "मी सोडवायला गेल्तो. तिनं दुसरा घाव घातला असता तर फाशी झाली असती." त्यात खोटं काही नव्हतं. तरीही ते प्रत्येक वेळी, न विचारता, सांगायचे.

शाळेत मी गेले. एकच गणवेश उरला होता, रोज संध्याकाळी धुवायचा, सकाळी ओला असला तरी घालायचा. मेंबरचं पोरगं भुवईवर टाके घेऊन परत आलं. ते घरच्या कपड्यांत आलं होतं, चौकड्याचा शर्ट घालून. गुरुजींनी विचारलं तर म्हणालं, फाटलाय. दुसरा? धुतलाय. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभर तेच. मग एकदा त्याचा बाप शाळेत आला, उजवा हात झोळीत अडकवलेला. त्यानं पिशवीतून गणवेश काढला आणि सगळ्यांसमोर पोराला म्हणाला, "घाल."

पोरगं म्हणालं, "न्हाई."

बापानं डाव्या हातानं मारलं. डावा हात सरावाचा नव्हता, त्यामुळं फटके कुठंही बसत होते, कानावर, मानेवर, नुकत्याच भरत आलेल्या भुवईवर. टाका उसवला. आम्ही सगळे वर्गाच्या दारात उभे होतो. पोरगं रडत होतं, नाकातून पाणी येत होतं, आणि ते एकच बोलत होतं, "मला नको त्यो कपडा. मला नको." शेवटी बाई मध्ये पडल्या. मेंबर गणवेश तिथंच धुळीत टाकून गेला. त्या पोरानं सातवी पास होईपर्यंत गणवेश घातला नाही. माझ्याशी ते कधी एक शब्द बोललं नाही, मीही नाही. पण एक झालं, त्यानंतर शाळेत कुणीच कुणाला 'ताई' म्हणून चिडवलं नाही.

हंगाम सुरू झाला तेव्हा आई तुरुंगातच होती. टोळीत कोयत्याला माणूस कमी पडत होता. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकानं तोडायचं आणि एकानं मोळ्या बांधायच्या. आण्णा एकटे कसे जाणार? भाऊ म्हणाला, मी येतो. कुणी त्याला अडवलं नाही. मी गावातल्या हंगामी वसतिगृहात राहिले, ऊसतोडीला गेलेल्यांच्या पोरांसाठी ते हंगामापुरतं चालायचं. निघायच्या दिवशी सकाळी तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्यांच्या गाठोड्यावर बसला होता. मी त्याला हात केला. त्यानं बघितलं आणि दुसरीकडं तोंड फिरवलं.

मला ते लागलं, पण मी त्याचा अर्थ लावला नाही.

आई पुढं सुटली. कोर्टात मेंबरनं सांगितलं की हात कडबाकुट्टीच्या यंत्रात गेला. पारावर बसलेल्या कुणालाच काही दिसलेलं नव्हतं. त्याचं कारण दयामाया नव्हतं. पोराला उघडं करून मारल्याची केस त्याच्यावरही उभी होती, आणि वकिलानं त्याला हिशोब समजावला होता. दोन्ही केसेस तशाच विझल्या. आई परत आली ती बारीक होऊन. दंडाचं हाड वाकडं जुळलं होतं. खांद्याच्या वर हात जाईना, त्यामुळं डोक्यावर मोळी धरता येईना. कोयता तिनं पुन्हा हातात घेतला नाही. आण्णांशी ती बोलायची, भाकरी वाढायची, दुखलं-खुपलं विचारायची. फक्त ते कधी मागून आले की ती दचकून भिंतीला पाठ लावायची, आणि आण्णा पावलं वाजवत यायला शिकले.

मी शिकले. बाईंनी मागं लागून मला दहावीला बसवलं, पुढं नर्सिंगला पाठवलं. आता मी नगरमध्ये एका दवाखान्यात काम करते. मधल्या काळात नियम बदलला, सरकारी शाळेतल्या सगळ्याच पोरांना गणवेश मिळायला लागला. एका वर्षी तो एवढा उशिरा आला की निम्मं वर्ष सरलं होतं, आणि कुणाच्या बाह्या गुडघ्याला तर कुणाची पँट पोटरीला. पण सगळ्यांनाच तसा. पेपरात त्यावरून लोक चिडून लिहीत होते. मी ते वाचून पेपर घडी करून ठेवायचे. बरोबरीच्या नर्सेसना वाटायचं मला त्यात काही घेणंदेणं नाही.

भाऊ आता बेलापूरकडं ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर चालवतो. त्याची मुलगी पहिलीत आहे. गेल्या पावसाळ्यात तिला ताप चढला, उतरेना, म्हणून तो तिला माझ्या दवाखान्यात घेऊन आला. सलाईन लावलं, पोरगी झोपली. दुपारची वेळ होती, वॉर्डात गर्दी कमी होती. आम्ही दोघं तिच्या खाटेच्या दोन्ही बाजूंना बसलो होतो. शर्टाच्या कॉलरमधून त्याच्या मानेखालचा वळ दिसत होता, दोरीसारखा, पांढरा. मी सवयीनं त्यावर बोट ठेवलं, कातडी किती घट्ट आहे बघायला. तो अंग चोरून बाजूला झाला नाही.

"अजून खाजतं व्हय?" मी विचारलं.

"थंडीत." मग म्हणाला, "त्या दिशी तू पळालीस."

मला कळेना तो काय म्हणतोय.

"पारावरनं. मी बघितलं तुला. कोपऱ्यावर हुतीस. पयला पट्टा बसला आन् तू पाठ फिरवून पळालीस."

"अरे, मी आयला आनायला गेल्ते."

त्यानं माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडं असं सरळ कधी बघितलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

"आयला तू आनलंस?"

"मग ओढ्यापलीकडं तिला कुनी सांगितलं असंल?"

"मला वाटलं तिला आपुन कळलं. गावातल्या कुनी सांगितलं." त्यानं मान खाली घातली, पोरीच्या हाताला लावलेली चिकटपट्टी उगाच दाबून बसवली. "मला वाटायचं, तुला लाज वाटली माझी."

तो ट्रॉलीत बसून तोंड फिरवून गेला होता, त्याच्या लग्नात माझ्याकडून आहेर घेताना दुसऱ्याशी बोलत राहिला होता, सगळं एकामागून एक डोळ्यांसमोर आलं. मी टेबलावरचं थर्मामीटर उचललं, झटकलं, पुन्हा ठेवलं.

"आनली नसतीस," तो म्हणाला, "तर तिचा हात वाचला असता."

"व्हय. आन् तुझं?"

"माझं काय. आजून चार बसले असते. मग त्यो दमला असता." त्यानं सलाईनच्या बाटलीकडं बघितलं. "का न्हाई, कुनास ठाव. त्यो दमत नव्हता."

पोरगी जागी झाली, पाणी मागू लागली. त्यानं तिला उठवून मांडीवर घेतलं आणि बाटलीच्या टोपणानं थोडं थोडं पाजलं. ताप उतरला होता. संध्याकाळच्या एसटीनं निघताना त्यानं पहिल्यांदाच माझ्या डोक्यावर हात ठेवला, मोठ्या भावानं ठेवावा तसा, आणि म्हणाला, "दिवाळीला गावी ये. आय वाट बघती." मी हो म्हणाले. एसटी सुटली, पोरगी खिडकीतून हात करत होती, आणि तो तिला पडू नये म्हणून घट्ट धरून बसला होता.